शब्दाच्या शेजारी

काचेपलीकडच्या खोलीत बसलेल्या बाईंच्या कानांवर तो शब्द पाव सेकंद पडला, आणि त्यांच्या हातातला पाण्याचा पेला निसटून फरशीवर फुटला. डॉ. त्र्यंबक खासनीस यांनी यंत्रावर टेकलेला उजवा तळहात उचलला, भयमापकावरचा आकडा वहीत टिपला, आणि बाईंना चहा देण्याची खूण केली.

तो शब्द इथे लिहिता येणार नाही. कायदाच तसा आहे. तो दोन अक्षरांचा असून कोणत्याही कोशात नाही, इतके सांगितले तरी पुरे. शासनाच्या कागदोपत्री त्याला ‘रक्षाशब्द’ म्हणतात. त्याचे ध्वनिमुद्रण दोनच ठिकाणी होते. एक काळसरी धरणाच्या नियंत्रणकक्षात, तिथल्या प्रमुखाच्या किल्लीखाली. दुसरे नांदसरच्या या अर्थमापन प्रयोगशाळेत. इथले यंत्र खासनीसांचा तळहात टेकलेला असेपर्यंतच वाजे. हात उचलला की मुके होई. हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता, आणि स्वतःच्या नियमांविषयी ते फार काटेकोर होते.

सव्वीस वर्षांपूर्वी झरवी नदीला पूर आला, तेव्हा नांदसरच्या कर्ण्यांवरून चाळीस मिनिटे ‘धोका’, ‘सावधान’ असा घोष चालला होता. माणसे जागची हलली नाहीत. हलतील कशी? ‘धोका’ विजेच्या प्रत्येक खांबावर चिकटवलेला होता, ‘सावधान’ रोज बातम्यांत तीनदा येत होते, आणि ‘खतरनाक’ तर मटणाच्या रश्शाला म्हणत. अकराशे माणसे गेली. चौकशी समितीपुढे तरुण खासनीसांनी सांगितले, की शब्द वापराने झिजतो. म्हणून भयासाठी एक नवा, कोरा शब्द घडवा, तो प्रत्येकाला एकदाच शिकवा आणि मग कोणालाही उच्चारू देऊ नका.

शिकवण्याच्या विधीचे नाव ‘भयसंस्कार’. एक लांबोडकी अंधारी खोली. तळाशी कर्णा, दुसऱ्या टोकाला वर उजेडात जाणारा जिना. जमीन थरथरू लागे, बर्फगार वारा सुटे, कर्ण्यातून तो शब्द येई, आणि मुले जिना चढून पळत सुटत. गावात राहायला येणाऱ्या मोठ्यांनाही त्यातून जावे लागे. या खोलीत गेलेले पहिले मूल म्हणजे खासनीसांचीच पाच वर्षांची मुलगी, मृदुला. ते स्वतः कर्ण्याजवळ, यंत्रावर हात ठेवून उभे होते. जिना चढून गेल्यावर तिने एकदाच वळून पाहिले होते. त्यानंतर वर्षभर ती त्यांच्या उजव्या हातात हात देईना. पोरकटपणा, असे त्यांनी तेव्हा मानले.

“सर, एक विचारू? रागावणार नसाल तर.”

कुमुद वळवी आठ वर्षे त्यांची सहकारी होती. सातपुड्यातून आलेली, कमी बोलणारी आणि जास्त पाहणारी.

“रागावण्यासारखे असेल तर रागावेन. विचारा.”

“हा शब्द झिजत का नाही?”

“वापरत नाही म्हणून. हा प्रश्न विचारायला आठ वर्षे लागली तुम्हाला?”

“न झिजता तेवढाच राहिला असता, तर मी गप्प बसले असते. पण चौदा वर्षं याचा अर्थभार वाढतोच आहे. न वापरलेला शब्द तगडा कसा होतो?”

खासनीसांनी चष्मा काढून पुसला. व्याख्यान येणार, हे ओळखून कुमुदने खुर्ची ओढली.

“वळवीबाई, ‘शिक्षा’ म्हणजे मुळात शिकवणे. मग ती दंड कशी झाली? तो शब्द इतकी शतके छडीच्या शेजारी उभा राहिला, की छडीच झाला. ‘शौच’ म्हणजे पावित्र्य. सकाळी हाती तांब्या घेऊन कुठे जातो हे सांगायची लाज वाटली, म्हणून माणसांनी हा शब्द पुढे केला, आणि आता तो देवघरात उच्चारता येत नाही. शब्दाला स्वतःचे घर नसते. तो ज्याच्या शेजारी उभा असतो, त्याचा होतो.”

“मग हा कोणाच्या शेजारी उभा होता?”

“पुराच्या.”

“पूर कुठं होता त्या खोलीत, सर? कर्णा होता.”

कुमुदने एक कागद पुढे सरकवला.

“मी यंदा पायांखाली दाबपट्टी ठेवली. तुम्हाला न विचारता, चूक झाली. कर्णा कधी पुढे ठेवला, कधी मागे, कधी जिन्याजवळ. शब्द वाजला की माणसाचा तोल कुठं जातो ते पाहिलं. जिन्याकडे जात नाही. कर्ण्यापासून लांब जातो. जिन्यापाशी कर्णा असला, तर माणूस जिन्याकडे पाठ करतो. दोनशे चौदांपैकी दोनशे तेरा.”

“उरलेला एक कोण?”

“तुम्ही.” तिने कागद उलटा ठेवला. “आमच्या पाड्यावर तिन्हीसांजेला सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, साप चावतच नाही, शब्द चावतो. बोललं की येतो. इथंही तेच झालंय. उच्चारायची बंदी घातली, म्हणून भय वाढलं. पण ते पाण्याचं भय राहिलं नाही. शब्दाचंच झालं.”

गेली पंचवीस वर्षे गावातल्या सगळ्या तालमी पांढऱ्या झेंड्यांनी, आवाज न करता झाल्या होत्या. शब्द झिजू नये म्हणून! आणि गावातले बारा कर्णे कुठे होते? आवाज लांब जावा म्हणून टेकडीच्या माथ्यावर. खासनीस खिडकीपाशी गेले. वर टेकडी, खाली झरवी, मध्ये अठरा हजारांचे नांदसर. तो शब्द वाजला, की ही अठरा हजार माणसे कर्ण्यांकडे पाठ करून धावतील. आणि टेकडीकडे पाठ म्हणजे नदीकडे तोंड.

तेवढ्यात थेट धरणाकडून येणारा दूरध्वनी वाजला. योगायोग म्हणावा, तर झिरपणाऱ्या पाण्याच्या काळजीने महिनाभरात तिकडून तो चौथ्यांदा वाजत होता; कुमुदनेही दाबपट्टी काही उगाच ठेवली नव्हती.

“खासनीस, घोरपडे बोलतोय.” काळसरीचे मुख्य अभियंता इंद्रजित घोरपडे यांच्या आवाजात एरवीचा ऐटबाजपणा नव्हता. “भरावाच्या डाव्या बगलेतून झिरपणारं पाणी गढूळ झालंय. माती वाहतेय आतून. फार तर तासभर. शब्द देतोय. कायद्यानं आधी तुम्हाला कळवायचं, म्हणून कळवलं.”

“देऊ नका.”

“काय?”

“टेकडीवरचे कर्णे वाजवू नका. लोक आवाजापासून पळतील. खाली, पात्रात.”

“अहो, डोकं ठिकाणावर आहे का? पंचवीस वर्षं तुम्हीच आमचे कान किटवलेत, की दुसरा शब्द चालणार नाही! आता काय सांगू लोकांना? ‘कृपया वर या’?”

“शब्द तोच. जागा बदलायची. मी फिरता कर्णा घेऊन नदीवर जातो. ते माझ्यापासून पळतील, म्हणजे वर पळतील.”

“आणि तुमचा तर्क चुकला तर?”

“घोरपडे, मृदुला नदीकाठच्या शाळेत शिकवते. नव्वद मुले आहेत तिच्यापाशी. चुकला, तर पहिली ती जाईल.”

“किल्ली काढून ठेवतो,” घोरपडे म्हणाले, आणि दूरध्वनी बंद झाला.

शाळांमध्ये मापनासाठी नेण्याची जीप दारातच उभी होती. यंत्र आणि फिरता कर्णा चढवून कुमुदने ती घाटाच्या पायऱ्यांपर्यंत आणली. मंगळवारचा बाजार भरला होता. लख्ख ऊन होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि झरवी घोटाभर पाण्याने निमूट वाहत होती. भिण्यासारखे तिथे काहीही दिसत नव्हते. खासनीसांना तेच सर्वांत भयानक वाटले.

“मी थांबते, सर.”

“थांबता येणार नाही. पहिल्याच उच्चाराला पळाल. त्यापेक्षा आत्ताच निघा, म्हणजे चपला तरी पायात राहतील.”

“आणि तुम्ही?”

“मी तो अकरा हजारांहून अधिक वेळा ऐकला आहे. एवढ्या गावात माझ्याच कानांत तो झिजला. जा.”

ती टेकडीच्या वाटेला लागेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग यंत्रावर तळहात टेकला.

शब्द वाजला. सगळा बाजार एका क्षणात त्यांच्याकडे वळला. कोथिंबिरीची जुडी हातात धरलेली बाई, तागडीवाला, खांद्यावर पोर घेतलेला माणूस, सगळ्यांनी एकदाच त्यांच्याकडे पाहिले. कर्ण्याकडे, हाताकडे, चेहऱ्याकडे. मग शेकडो पाठी फिरल्या. कोणी ओरडले नाही. चपला, टोपल्या, पालांचे बांबू मागे टाकून माणसे चढ चढत सुटली. खासनीस जीप काठाकाठाने हळूहळू चालवीत राहिले, उजवा हात यंत्रावर, डावा चाकावर. गल्लीमागून गल्ली उपसली जात होती. तर्क खरा ठरला होता.

शाळेच्या फाटकातून मुलांचा लोंढा बाहेर पडला. सर्वांत शेवटी मृदुला, काखेत एक लंगडणारे मूल घेऊन. वळणावर तिने मागे पाहिले. तोच चेहरा. पाच वर्षांचा, जिन्याच्या वरच्या पायरीवरचा. ‘पळ,’ ते मनात म्हणाले, ‘पळ, बाळ,’ आणि हात उचलला नाही.

बावीस मिनिटांनी शेवटची गल्ली रिकामी झाली. वरच्या अंगाने जमीन गुरगुरल्यासारखा आवाज येत होता. त्यांनी हात काढला आणि जीप चढावर घातली. पाणी दुसऱ्या वळणापर्यंत त्यांच्या मागे आले. आरशात त्यांना बाजाराची पाले तरंगताना दिसली, मग पालेही दिसेनात.

माथ्यावरच्या पठारावर सगळे नांदसर उभे होते. खासनीस खाली उतरले. त्यांना हसू येत होते.

“वाचलात,” ते म्हणाले. “आता कोणी खाली उतरू नका.”

ते एक पाऊल पुढे आले. अठरा हजार माणसे एक पाऊल मागे सरली. त्यांनी आणखी एक टाकले. वाऱ्याने गवत लवावे तशी गर्दी पुन्हा मागे लवली. यंत्र बंद होते. तो शब्द कोणीही उच्चारला नव्हता. कुठेतरी एक मूल किंचाळले, “खासनीस!” ती हाक नव्हती. ते ऐकताच आजूबाजूची चार-पाच मुले पळत सुटली.

गर्दीच्या कडेला मृदुला उभी होती. ते तिच्याकडे वळले, तेव्हा तिने काखेतले मूल पाठीशी घेतले.

“बाबा,” ती म्हणाली, “तिथंच थांबा. मला कळतंय तुम्ही काय केलंत. पण तिथंच थांबा.”

* * *

आठ महिन्यांनी, दूरच्या शहरातल्या भाड्याच्या घरी, कुमुदचा फोन आला.

“सर, यंदाचं मापन झालं. जुना शब्द शून्यावर आलाय. लोक तो ऐकून नुसते बघत बसतात.”

“आणि भय?”

“भय दुसरीकडे गेलंय. समितीनं नवा रक्षाशब्द मंजूर केला. भयसंस्काराचीसुद्धा गरज नाही, लोकांच्या अंगात तो आधीच आहे. चार अक्षरी.”

“कोणता?”

आठ वर्षे ती त्यांना सरच म्हणत आली होती. आज प्रथमच तिला दुसरे काही म्हणण्याची सोय उरली नव्हती.

“कायद्यानं मला तो उच्चारता येत नाही, सर.”

दुपारी शासनाची दोन माणसे आली. त्यांनी दारावरच्या नावाच्या पाटीवर आधी फडके बांधले, मग नजर दुसरीकडे ठेवून स्क्रू काढले. पोच घेताना त्यांनी सहीऐवजी अंगठा मागितला.

संध्याकाळी मृदुलाचा फोन आला. पठारावरच्या नव्या शाळेतून ती बोलत होती. तिने आडनाव बदलले होते, सांगताना रडली. मागे मुलांची गलबल ऐकू येत होती.

“तुम्हाला एकटं वाटू देऊ नका,” ती म्हणाली. “मी आहे ना, बाबा.”

गलबल एकदम थांबली. मग बाक सरकले, आणि लहान लहान पावले मागे हटल्याचा आवाज आला.

“मृदुला, मुले जवळ आहेत?”

“आहेत. सगळी.”

“तू कोणाशी बोलतेस, हे त्यांना ठाऊक आहे?”

“हो. का?”

त्या नव्वद मुलांच्या घरी दिवेलागणीला कोणीतरी दार वाजवणार होते, आणि ती मुले ‘बाबा’ म्हणत धावत दाराशी जाणार होती. खासनीसांनी डोळे मिटले.

“यापुढे मला बाबा म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू?”

त्यांनी उत्तर दिले नाही. जे काही सांगितले असते, तेही त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले असते.