सगळं पिणारी मुलं

आतड्याची चित्रं वाचणाऱ्या यंत्राच्या, आंत्रवाचकाच्या, पडद्यावर हिरवी पट्टी उमटली : आतड्याला दाह नाही, औषध थांबवावे.

शलाकाने ती ओळ पुन्हा वाचली. शेजारच्या खुर्चीत तिची आठ वर्षांची राही गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बरं वाटत असलं की ती अशी कधीच बसत नसे.

"राहीची आई, हसा की आता," डॉ. तांबोळी म्हणाले. "नापास झाल्यासारखा चेहरा काय करताय?"

"सर, सकाळपासून तिनं पोळीचा तुकडासुद्धा खाल्लेला नाही. तुम्ही स्वतः बघितलीत का एमआरआयची चित्रं?"

"माझ्यापेक्षा हे यंत्र बारीक बघतं."

"पण ते नेमकं काय बघतं?"

"ते त्यालाही सांगता येत नाही. आपण आजारी मुलांची चित्रं दाखवली, बऱ्या मुलांची दाखवली. फरक त्याचा त्यानं शोधला."

शलाकाने राहीच्या पाठीवर हात ठेवला. मणके हाताला लागत होते.

"एमआरआयच्या आधी ते गोड पाणी पाजता, ते कशाला?"

"आतडं फुगायला. रिकामं आतडं मिटलेल्या पिशवीसारखं असतं. भिंत सुजलीय की नुसती चुरगळलीय, कळत नाही."

"आजारी मुलांना जातं ते सगळं?"

"कुठलं हो! मळमळतं बिचाऱ्यांना. अर्धं तर बेसिनमध्येच जातं. तुमच्या राहीसारखी गुणी पोरं मोजकीच, गटागट सगळं..."

तांबोळींनी वळून हिरव्या पट्टीकडे पाहिलं.

"आठवडाभर सराव करून घेतला मी," शलाका हळूच म्हणाली. "साखरेचं पाणी करून. एक घोट चिऊचा, एक घोट काऊचा."

तांबोळींनी खुर्ची पुढे ओढली. राहीच्या चित्रातलं पाणी त्यांनी संगणकाकडून पुसून घेतलं, आतडं मिटलेलं करून घेतलं. पोर तीच, आतडं तेच. पट्टी लाल झाली : तीव्र दाह. मग त्यांनी एका ठणठणीत मुलाचं चित्र घेतलं आणि त्यातलंही पाणी पुसलं.

लाल.

"हे दाह बघतच नाहीये," ते पुटपुटले. "पोरानं पाणी किती प्यायलं, तेवढंच बघतंय."

आंत्रवाचक बंद करून ते राहीची मूळ चित्रं एकेक सरकवू लागले. लहान आतड्याच्या टोकाशी त्यांचं बोट थांबलं. फुगलेल्या वेटोळ्यांमध्ये तेवढाच भाग अरुंद होता, त्याची भिंत जाडजूड.

"इथं आहे. औषध बंद करायचं नाही. तिला आजच दाखल करू."

शलाकाने राहीला मांडीवर ओढून घेतलं. तरीही विचारल्यावाचून तिला राहवलं नाही.

"सर, सगळं प्यायलेली ती बाकीची मुलं?"

तांबोळींनी हिरवी पट्टी मिळालेल्या मुलांची यादी उघडली. मग त्यांनी यादीतल्या पहिल्या मुलाच्या घरी फोन लावला. पलीकडून एका बाईचा आनंदी आवाज आला.

"अय्या, डॉक्टर तुम्ही! अहो, औषध बंद झालं त्याच दिवशी पेढे वाटले आम्ही. आणि हल्ली काही म्हणजे काही त्रास देत नाही हो तो. दिवसभर आपला गप्प पडून असतो."