थंड चुलींचं गाव

धक्क्यावर सहा बिननावाड्याच्या होड्या ओळीनं उभ्या होत्या. मदतीला आलेली हौसाक्का खराडे पाचव्या होडीत सलाईनचे खोके रचत होती, तेवढ्यात होडीनं आपणहून तोंड फिरवलं. पाटीवरचं 'शिरटाकळी' पुसलं गेलं आणि 'वाळवंडे' उमटलं.

"हिला कुणी सांगितलं वळायला?"

पुरवठा अधिकारी दिगंबर शेटे तंबूतून बाहेर आले. "धगमापीनं, अक्का. शिरटाकळी रिकामी झालीय."

धगमापी म्हणजे पुरावर घिरट्या घालणारी यंत्रं. पत्र्याखालची माणसं त्यांना दिसत नसत, पण चुलीची धग पत्र्यातूनही कळे. जितक्या चुली पेटल्या, तितकं धान्य, पाणी, औषध आपोआप निघे. कुणी अर्ज करायचा नाही की पुढाऱ्याच्या पाया पडायचं नाही. हौसाक्का सहसा कशाला बरं म्हणत नसे, पण याला म्हणायची.

"रिकामी कशी? काल तर होडीच्या कॅमेऱ्यात अकरा जण हगवणीनं आडवे दिसले तिथं."

"काल संध्याकाळी चुली तिप्पट पेटल्या, आज एकही नाही. वाटेची शिदोरी करून लोक निघून गेले, असं यंत्राचं म्हणणं. आणि मोबाईलचा टॉवर पडलाय, विचारणार कुणाला?"

त्या अकरांत हौसाक्काची लेक रंजना होती आणि तिथलं सलाईन दुपारपर्यंतच पुरणार होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं गावजेवणात वाढताना तिनं आपल्या माणसाच्या पानात कधी जास्तीचा घास टाकला नव्हता. आज होडीसाठी लेकीचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना.

मग तिला सकाळची आपली न्याहारी आठवली. कालची भाकरी आणि दही.

"साहेब, आज तिथी काय?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्हाला नाही, यंत्राला नाही. लई हुशार जोडी. आज शितळासातम. आज चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीच दोन दिवसांचं रांधतात. शिरटाकळीत तर शितळाईचं देऊळ हाय. पूर आला म्हणून तिथल्या बाया सातम मोडतील व्हय? उलट जास्तच पाळतील."

शेटे घुटमळले. "अक्का, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण तुमचं चुकलं तर वाळवंड्याच्या पोरांचं दूध चुकतं. मला पुरावा पाहिजे."

"माझी लेक हाय तिथं," ती शेवटी म्हणाली. "म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण एक बघा. घर सोडून निघालेली बाई चुलीवर पाणी मारते, मागं विस्तव ठेवत नाही. सातमीला मात्र चूल विझवायची नसते. रात्री शितळाई येऊन राखेत लोळते, म्हणून ती आपसूक निवू देतात. कालच्या चुली कशा निवल्या ते दाखवतं का तुमचं यंत्र?"

शेट्यांनी पडद्यावर रात्रीचा आलेख काढला. पाणी मारलं असतं तर रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली आली असती. ती मात्र टेकडीच्या उतारासारखी हळूहळू घसरत पहाटेपर्यंत गेली होती. छपन्न चुलींच्या छपन्न रेघा, साऱ्या तशाच.

'माणसाचा हुकूम' लिहिलेली लाल खूण शेट्यांनी दाबली. पाचवी होडी शिरटाकळीकडे सुटली आणि राखीव ठेवलेली सहावीही त्याच हुकमानं वाळवंड्याला.

दुपारी होडी परतली. तिच्या कॅमेऱ्यात रंजना भिंतीला टेकून बसलेली दिसली, हाताला सलाईन, तोंडानं बडबड चालू. "आईला सांगा, एवढ्या उशिरानं कुणी औषध धाडतं का?"

"बोलतीय म्हणजे जगली," हौसाक्का म्हणाली आणि पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. शेटे मोकळेपणी हसले. त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला.

"अक्का, असे सगळे सणवार मला सांगा. आजच यंत्राला शिकवतो. पुन्हा चुकणार नाही ते."

तिनं कप उचलला, पण ओठाला लावला नाही. पडद्यावरच्या नकाशात आणखी नऊ गावं करड्या रंगाची होती.

"ही का अशी?"

"रिकामी. आठवडाभर चूल नाही तिथं."

"तिथं आठ दिवस सातम नसती साहेब. ज्याच्या घरात शिजवायलाच काही उरलं नाही, त्याची चूल तुमच्या यंत्राला कशी दिसायची?"