तुटक्या दाताचं दंताळं

"कासव चावतं का हो?" हे विचारून शेवटचे पाहुणे उद्यानाबाहेर पडले, की रखवालदार किनाऱ्यावर दंताळं फिरवायला घ्यायचा. उलट पावलांनी चालायचं, म्हणजे स्वतःच्या पाऊलखुणाही पुसल्या जातात. मग सकाळी कोऱ्या वाळूवर जे उमटलेलं असेल ते खरं: कासव, कोल्हा, नाहीतर अंडीचोर. हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. गेल्या वर्षी भरतीने वडिलांना दंताळ्यासकट ओढून नेलं. पुढे ना वडील सापडले, ना दंताळं.

त्या संध्याकाळी धुकं दाट होतं आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता. मोसमातलं एकच घरटं उरलेलं, एकशे बारा अंडी, आज-उद्या फुटायची. आणि रात्री मोठी भरती.

"हलवू नकोस," साहेबांनी फोनवर बजावलं होतं. "आता धक्का लागला तर सगळी जातील. मग जबाबदारी तुझी."

मागे सरकत सरकत तो अर्ध्या किनाऱ्यापर्यंत आला आणि थबकला. टाचेखालची वाळू आधीच ओढलेली होती. ताज्या रेघा. प्रत्येक पट्ट्यात तिसरी रेघ तेवढी नव्हती... वडिलांच्या दंताळ्याचा तिसरा दात तुटलेला होता.

"बाबा?"

धुक्यात वाळू खरवडल्याचा आवाज आला. खर्र... खर्र... मग तोही थांबला.

रेघा घरट्याला वळसा घालून वर टेकाडावर गेल्या होत्या. तिथे कोपरभर खोल खड्डा तयार होता, तोंडाशी अरुंद, तळाशी गोल. असा खड्डा खणावा तर बाबांनीच. तो घरट्याशी परतला आणि हातांनी वाळू उपसू लागला. एकेक अंडं जराही न फिरवता त्याने वर नेलं.

सकाळी जुन्या घरट्याच्या जागी पाणी होतं. टेकाडावर त्याने रिकामी कवचं मोजली: एकशे नऊ. त्याला रडूच फुटलं. किनाऱ्यालगतची चौकी हेच मायलेकांचं घर; आई तिथून धावत आली.

पिल्लांच्या खुणा सरळ समुद्राकडे गेल्या होत्या. फक्त एका जागी सगळ्या दुभंगून, काहीतरी टाळून पुढे गेल्या होत्या. मधे कोरी वाळू उरली होती, दोन पावलांच्या आकाराची. बोटं चौकीकडे होती.

"रात्रभर उभे होते," आई हळूच म्हणाली. "दमले असतील रे."

संध्याकाळी दंताळं उचलताना तो म्हणाला, "आई, आतून कडी लावून घे."

"कशाला? घर त्यांचंच आहे."

त्याने दार उघडलं. उंबऱ्यापर्यंतची वाळू ओढून झाली होती. तिसरी रेघ नव्हती.