दगडापाशी धरलेली जागा

खरं तर मी चित्रबित्र बघायला गेलेच नव्हते. बारवी धरणाच्या वाटेवरच्या वाडीत जनूकडे नवा तांदूळ सांगून ठेवायचा होता. शिवरामभावजी त्याच एस्टीने निघाले होते, म्हटलं बरी सोबत झाली. ब्याण्णव सालचा ऑक्टोबर होता.

भावजी म्हणजे बदलापूरच्या आमच्या चाळीतले, भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. फॅक्टरीतून रिटायर झालेले. दर रविवारी पाटी, कागद नि रंगाची पेटी घेऊन डोंगराकडे जायचे. त्यांची भिमाबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. माझ्या घरीही माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून मी त्यांच्याकडे जरा जास्तच डोकवायची. लोक म्हणायचे, सगुणाबाई नाक खुपसते. म्हणोत.

त्यांच्या चित्रात एक गोष्ट मला खुपायची. सगळीकडे रंग भरलेला, आणि कुठंतरी बोटाच्या पेराएवढी जागा कोरी. "हे राहिलं का हो?" विचारलं की नुसते हसायचे.

जनूकडचं काम उरकून मी माळावर आले तेव्हा दुपार कलली होती. कंबरेइतकं गवत, खाली धरणाचं पाणी, माणूस म्हणून नाही. भावजी पुठ्ठ्याच्या चौकोनी भोकातून डोंगर न्याहाळत होते.

"चष्मा मोडला का, भावजी?"

"काय घ्यायचं, काय सोडायचं ते ठरवतोय, वहिनी. डोळ्याला सगळंच हवं असतं. कागद केवढा?"

मी शेजारच्या लांबट दगडावर टेकले. त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या. डाव्या अंगाला करंजाचं झाड, वर डोंगर, खाली पाणी. मग म्हणाले, "झाडाने इकडची बाजू जड झाली. म्हणून तिकडे, त्या काळ्या दगडापाशी... ती."

"कोण ती?"

"मी काढत बसायचो तेव्हा ती तिथंच बसायची. धुऊन धुऊन पांढरं पडलेलं लुगडं नेसून, माझ्याकडे पाठ करून." त्यांचा आवाज खाली आला. "या रंगात पांढरा लावत नाहीत, वहिनी. कागदच पांढरा. तेवढा आधीपासून राखायचा. एकदा रंग लागला की ते पांढरं परत येत नाही."

"पण ती तर आता..."

"असते. मी नुसती तिची जागा धरतो."

 हा माणूस असाच झुरून जाईल, असं वाटलं. रंग भरत आणला, तसे भावजी डबा घेऊन ओढ्यावर पाणी आणायला उतरले. ब्रश ओलाच होता. मी हिरव्यात बुडवला आणि ती एवढीशी जागा भरून टाकली. देवाशप्पथ सांगते, मायेनं केलं.

भावजी वर आले. चित्राकडे बघितलं.  हातातला डबा कलंडला, पाणी त्यांच्या चपलेवर सांडत राहिलं.

"वहिनी... कुठं बसायचं तिनं आता?"

मग त्यांनी त्या काळ्या दगडाकडे बघितलं. मीही बघितलं.

वारा नव्हता. सगळं गवत उभं होतं. फक्त दगडापासून एक रेघ निघाली होती. गवत मधोमध दुभंगत होतं, वाकत होतं, आमच्याकडे... सावकाश, गुडघेदुखीचं माणूस चालतं तसं. मला उठता येईना. नीळ घातलेल्या ओल्या लुगड्याचा वास आला. शेवटचं गवत माझ्या पायाशी वाकलं आणि थांबलं.

"वहिनी," भावजी अगदी हळू म्हणाले, "जरा सरका."

मी सरकले.

परतीच्या एस्टीत मी खिडकीला चिकटून बसले.

पुढच्या रविवारी भावजी गेले ते दुपारच्या आतच परत आले. कागद कोरा. "कुणीच नाही हो तिकडे," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून माझ्या घरात बघत राहिले. मग रोज संध्याकाळी यायचे, उंबऱ्यावर बसायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. पेटी पुन्हा उघडली नाही त्यांनी. दिवाळीनंतर वांगणीला दिलेली त्यांची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. निघताना माझ्या दारात थांबले.

"भावजी, हिला घेऊन जा ना," मी हात जोडले.

"कशात नेऊ? जागा तर तुम्ही मोडलीत." मग डोळे पुसून म्हणाले, "येतो गं."

मला ते कायम अहो-जाहो करायचे.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी घरातल्या बाकड्यावर एका कडेलाच बसते. मनाचे खेळ असतील, असंही म्हणून बघितलं. पण परवा त्यांच्या खोलीत नवीन राहायला आलेली रखमा विरजण मागायला आली. पलीकडच्या गावातल्या कॅम्प चारहून आलेली पोर, तिला यातलं काहीच ठाऊक नाही. बाकड्यावर टेकणार, एवढ्यात अर्ध्यातूनच ताठ झाली. पदर सावरत म्हणाली, "सॉरी हं मावशी, बघितलंच नाही मी," आणि खाली फरशीवर बसली.

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही.