येतो हं, आजोबा

"ओजस, आज घरातून निघताना आईला काय म्हणालास रे?"

दीनानाथकाकांनी विचारलं तशी ओजसने मोबाइलमधून मान वर काढली. "बाय म्हणालो. व्हॉट एल्स?"

"आणि तू गं, इशिता?"

"मीपण बायच. एव्हरीबडी सेज बाय, ला."

"सुखी आहात," काका म्हणाले.

सिंगापुरातल्या यिशुनच्या त्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलाभोवती तिघंच उरले होते. जेवणं कधीच उरकली होती. वरच्या मजल्यांवरचे दिवे एकेक करून मालवत होते. तुआसच्या जहाजकारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांना मुलं काका म्हणत, पण वयाने ते आजोबाच.

"आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात. का, माहीत आहे?"

"जातो म्हटलं की कायमचं गेल्यासारखं होतं. आजीने सांगितलंय," इशिता म्हणाली.

"बरोबर. पण समोरच्याने ते 'येतो' खरं धरलं तर?" काकांनी आवाज खाली आणला. "उज्ज्वलकाका ठाऊक आहेत ना?"

"व्हेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, खीर वाटतात ते?"

"तेच. हे सगळं मला त्यांच्या बायकोने सांगितलं, प्रियदर्शिनीने. उज्ज्वल स्वतः या विषयावर तोंड उघडत नाही."

आणि काका सांगू लागले.

प्रियदर्शिनीचं संशोधन लाकडावरचं. जुनं लाकूड किती टिकतं, का टिकतं, असलं काहीतरी. गेल्या वर्षी तिची एस्टोनियात परिषद होती, म्हणून उज्ज्वलनेही रजा टाकली. सहा वर्षांच्या लेकीला, श्रियाला, आमच्याकडे ठेवलं आणि दोघं गेले. परिषद आटोपली आणि परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस मिळाला. बावीस जून, रविवार. भाड्याची गाडी घेऊन ते खेड्यापाड्यांतली जुनी चर्चं बघायला निघाले.

दिवसभर लुथरन चर्चं पाहिली. पांढऱ्या भिंती, बाकांच्या सरळ रांगा, शाळेच्या वर्गासारखं सगळं नीटनेटकं. उज्ज्वलला ती आवडली. "इथे माणसाला बसायला तरी जागा आहे," तो म्हणाला.

शेवटचं राहिलं होतं ते ऑर्थोडॉक्स चर्च. जंगलाच्या कडेला, अख्ख्या ओंडक्यांचं, वर कांद्याच्या आकाराचा छोटा घुमट. प्रियदर्शिनीला खरं तर तेच बघायचं होतं. पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले, पण तिकडे जूनमध्ये अंधार पडतच नाही. नुसता उजेड फिका होत जातो.

किल्ली शेजारच्या घरातल्या म्हातारीकडे असायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने किल्ली उज्ज्वलच्या हातावर ठेवली, स्वतःच्या ओठांवर बोट धरलं आणि मान हलवली. दोनदा.

"फोटो काढू नका म्हणतेय," उज्ज्वल म्हणाला.

"ओठांवर बोट म्हणजे फोटो? तुझं आपलं काहीतरीच!"

"मग गप्प बस म्हणतेय. तुला ओळखलेलं दिसतंय तिने."

हसतच दोघं आत शिरले. आत बाकबीक काही नव्हतं. ऑर्थोडॉक्स लोक प्रार्थनेला उभे राहतात. समोर चित्रांची उंच भिंत, काळपट सोनेरी रंगात लांबट चेहऱ्यांचे संत. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. प्रियदर्शिनी ओंडक्यांवरून हात फिरवत हिंडत राहिली. बाजूच्या भिंतीशी एक अरुंद फळी होती, म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकायला. तिच्यावर एक आजोबा बसले होते. काळा कोट, गुडघ्यांवर हात. तिने मान लववली. त्यांनीही लववली. देखरेखीला असतील, असं तिला वाटलं.

पाहून झालं. निघताना तिने हात जोडले आणि सवयीने, अगदी कुणा नातेवाइकाच्या घरून निघावं तशी, म्हणाली, "येतो हं, आजोबा."

आजोबांनी मान वर केली.

दोघं दाराशी आले. दार बंद होतं.

"तू लावलंस?"

"मी कशाला लावू?"

उज्ज्वलने कडी ओढली. दार हललं नाही. खांदा लावला, पाय रोवला. जहाजांची दारं बसवणारा माणूस तो, पण एका लाकडी दाराने दाद दिली नाही. खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती. मग बाहेरचं कुलूप लावलं कुणी?

"त्या आजोबांना विचार," तो म्हणाला.

ती वळली. फळी रिकामी होती.

त्यांनी हाका मारल्या. इंग्रजीत, हिंदीत, शेवटी मराठीतही. दारावर मुठी आपटल्या. मोबाइलला रेंज नव्हती. खिडक्या उंच, गज लावलेल्या. चित्रांच्या भिंतीमागे एक लहान दार सापडलं, पण त्यावर आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या. उज्ज्वलने त्या उपटायला बघितलं. बोटं सोलवटली, फळी हलली नाही.

बाहेरचा उजेड तांबूस झाला. मग राखाडी. तिथेच थांबला. धड दिवस नाही, धड रात्र नाही.

"सकाळी म्हातारी येईल," उज्ज्वल म्हणाला. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"श्वास घेऊन बघ," ती म्हणाली.

त्याने घेतला. हवा जड झाली होती. पेटीचं झाकण लावल्यावर आत असावी तशी. खोली तेवढीच होती, तरी भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या.

आणि मग मागून कुणीतरी विचारलं…

"कधी?"

स्वच्छ मराठीत.

"तू बोललीस का काही?" उज्ज्वलने विचारलं.

"नाही."

दोघं वळले. फळी रिकामीच होती.

"कधी?"

रागाचा आवाज नव्हता तो. एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाने, पाहुणा उंबऱ्याशी पोचल्यावर विचारावं ना, तसा. प्रियदर्शिनीला तोच जास्त भयंकर वाटला. आपण काय बोलून बसलो, ते तिला तेव्हा कळलं. म्हातारीच्या ओठांवरचं बोटही कळलं.

"पुढच्या वर्षी," ती घाईने म्हणाली. आपण सगळेच म्हणतो तसं.

काही झालं नाही. फक्त फळी करकरली. कुणी उठलं होतं.

"चुकून म्हणाले मी… आमच्यात तशी पद्धत आहे… तसं नव्हतं म्हणायचं…"

पावलं वाजली नाहीत. पण मेणाचा वास जवळ आला. तिच्या मानेशी आला. तिला श्वास घेता येईना, ओरडता येईना. उज्ज्वलने तिला धरलं. तिचा हात थंड पडत चालला होता.

"कधी?"

तिच्या अगदी कानाशी.

इथे काका थांबले. ओजसचा मोबाइल केव्हाच टेबलावर पालथा पडला होता.

"मग?" इशिताने हळूच विचारलं.

मग उज्ज्वल तिच्या पुढे येऊन उभा राहिला. भूतखेत न मानणारा माणूस तो, जन्मभर हसलेला असल्या गोष्टींवर. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाला, "हिला सोडा. घरी लेक आहे आमची, लहान आहे. हिचा शब्द माझ्यावर." आणि मग म्हणाला, "मी येतो."

मी.

प्रियदर्शिनीने त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण शब्द गेला होता.

दार उघडलं. आवाज न करता, सावकाश. बाहेर गवत, गाडी, राखाडी आभाळ.

दोघं पळत सुटले. पायांना खडे टोचले तेव्हा लक्षात आलं, आत शिरताना देवळाबाहेर काढावेत तसे बूट पायरीवर काढले होते, ते तिथेच राहिले. मागे कोण जातंय! उज्ज्वलने अनवाणीच गाडी हाणली. वाटेत ती रडली. हॉटेलात आल्यावर त्याच्या खिशातून ती किल्ली निघाली. एवढी मोठी, लोखंडी.

"फेकून देऊ," ती म्हणाली.

"दुसऱ्याची आहे," तो म्हणाला. "परत द्यायला हवी."

"काका," ओजसने विचारलं, "ते परत गेले?"

"किल्ली द्यायला गेले. दोघं मिळून. उजाडल्यावर."

"आणि?"

काकांनी वर एकदा ब्लॉककडे पाहिलं. आता एकही खिडकी उजळलेली नव्हती.

म्हातारी चर्चच्या पायरीशीच उभी होती. दार बंद होतं, कुलूप लावलेलं. प्रियदर्शिनीचे बूट पायरीवर होते, रस्त्याकडे तोंड करून, नीट जोडीने ठेवलेले. उज्ज्वलचे दिसले नाहीत. म्हातारीने त्याच्या हातून किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि दार ढकललं.

त्याचे बूट आत होते, आजोबांच्या फळीपाशी.