दहा पाय

देवाशप्पथ सांगतो, यात पदरचं काही नाही. आमच्या गहिनीनाथ मामांच्या तोंडून ऐकलंय, आणि मामा थापा मारणारे नव्हते.

३१ मार्च १९७१ची रात्र. तिसगावचा बाजारतळ.

मामा जवळच्या वस्तीवर मास्तर. शिरगणतीचं काम गळ्यात पडलेलं. आधी त्यांनी घराघरावर गेरूनं नंबर टाकले, तेव्हा बाजारतळावर उघड्यावर राहणाऱ्या एका म्हातारीनं हटकलं होतं.

"गुरुजी, आमचा नंबर?"

"तुमची रात्र वेगळी असते, आजी. येईन मी."

ती हीच रात्र. बेघर माणसं आजच मोजायची. एकेकाला उठवून नाव विचारायचं, असा हुकूम. पण मामांच्या अगदी जिवावर आलेलं. त्यांनी लांबूनच बॅटरी मारली. गोधड्यांतून पाय बाहेर आलेले...

दहा पाय. म्हणजे पाच माणसं!

नावं मनानंच ठोकून दिली. सायकलवर टांग टाकणार, तोच...

"गुरुजी... मला बी घ्या."

पलीकडे एक गोधडी. डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेली. हालचाल नाही.

"सकाळी बघू," म्हणाले आणि निघाले.

सकाळी गेले, तर सगळे त्या गोधडीभोवती बसलेले. म्हातारीची सून छबूबाई म्हणाली, "आमची म्हातारी काल दिस मावळतानाच गेली, गुरुजी. लई वाट बघितली तुमची. आता आपलं बी नाव लिवत्याल म्हनायची."

दिवस मावळतानाच?

मग रात्री...

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण लगेच मनात आलं, मेलेलं माणूस मोजत नाहीत. म्हणजे पाच बरोबर. सुटलो बुवा!

त्या 'सुटलो'ची त्यांना जन्मभर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेतली. शेवटचं नाव झालं. वही मिटणार, तोच मागच्या भिंतीकडून...

"गुरुजी... मला बी घ्या."

पोरं पाटीवर गिरवत होती. कुणालाच ऐकू गेलं नाही.

मग रोज तेच. शेवटी मामांनी ठरवलं, तिचं नाव वहीत लिहायचं. पेन टेकवला आणि हात थांबला...

नावच माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं!

बाजारतळावर धावले. तीन दगडांची चूल तेवढी उरलेली. माणसं कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मामांनी हात जोडले. "आजी, चुकलो मी. नाव सांगा तुमचं."

अंधार पडेपर्यंत वही उघडी ठेवून बसले.

पुढं बदल्या झाल्या. प्रत्येक शाळेत हजेरीनंतर तो आवाज आला. नाव मात्र तिनं कधीच सांगितलं नाही.

मामा गेले. मीही मास्तरच झालो. हजेरी संपली, की वही मिटायचा मला अजून धीर होत नाही.