पठारावरची झोपलेली अंडी

भैरवपठार चढून यायला सुमित्राबाई दातारांना अख्खी सकाळ लागली. सत्तरी जवळ आली तरी बाईंची हौस दांडगी. थिजलेल्या लाव्ह्याचा काळाकुट्ट कातळ, त्यात पावसाळ्यापुरतं पाणी धरणारे खळगे आणि त्या पाण्यात नखाएवढी, आरपार दिसणारी परीकोळंबी. ती पहिल्यांदा सापडली त्यांच्या यजमानांना, मोरूभाऊंना. बाकीचे खळगे रस्त्याखाली गेले. उरलेला एकच वाचवायला बाईंसकट काही स्वयंसेवक पंधरवड्याच्या मुक्कामाला आले होते.

बाहेरच्या तणाचं बी वर जाऊ नये म्हणून पायथ्याशी सगळ्यांचे बूट तपासले गेले. मोहिमेचे प्रमुख डॉ. झुबेर मुकादम बाईंवर खूश झाले.

"काकू, इतके स्वच्छ बूट कुणाचेच नाहीत."

"ह्यांचे आहेत. दोन-दोन मोजे घातले तेव्हा कुठे बसले."

खळग्याशी मुकादमांनी एक कुपी काढली. "हे जागृतिद्रव. कोळंबीची अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षं झोपून असतात. पाणी आलं तरी त्यातली थोडीच उठतात. हे घातलं की सगळी एकदम उठतील."

"पण बाकीची झोपतात कशाला?" बाईंनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं.

"पावसाने दगा दिला तर राखीव म्हणून. पण यंदा अंदाज पक्का आहे."

बाईंना ते खटकलं होतं, हे खरं. पण मोरूभाऊंची कोळंबी खळगाभर बघायचा मोह काही सुटेना. कुपी त्यांनीच रिकामी केली.

चार दिवसांत खळगा नुसता वळवळायला लागला. आणि पाऊस गेला तो गेलाच. स्वयंसेवकांनी झऱ्यावरून कॅन भरभरून पाणी वाहिलं, पण तापलेल्या कातळाने तेही पिऊन टाकलं. अंडी घालण्याइतकी मोठी होण्याआधीच कोळंबी मेली.

"माझं चुकलं, काकू," मुकादम तळाच्या मातीकडे बघत म्हणाले. "झोपलेलं एकही ठेवलं नाही आपण." मग त्यांनी विचारलं, "काकांनी कधी इथली माती घरी नेली होती का? कितीही जुनी चालेल, कोरडी हवी फक्त. चिमूटभर पुरे."

सुमित्राबाईंनी पायांकडे पाहिलं. मोरूभाऊ शेवटचे इथून उतरले ते ह्याच बुटांत. ते गेल्यावर बूट माळ्यावर पडून होते. त्यांच्या तळाच्या खाचांत वाळलेल्या मातीला बाईंनी इतकी वर्षं आठवण म्हणून हात लावला नव्हता. मोहिमेचा नियम कळला, तेव्हा मन घट्ट करून त्यांनी ते बूट मोरीत उकळत्या पाण्याने खसखसून घासले होते.

"होती," त्या म्हणाल्या. "निघायच्या आदल्या दिवसापर्यंत होती."